सतराचा पट

बाईंनी उभ्या नोकरीत दोनदाच रजेचा अर्ज केला आणि दोन्ही वेळा तो स्वतःच नामंजूर केला. अर्ज सहशिक्षिका या नात्याने होता, नामंजुरी मुख्याध्यापिका या नात्याने. कारण म्हणून 'वर्गावर दुसरे कोणी नाही' असं लिहून खाली सही, आणि नामंजुरीची प्रत सहशिक्षिकेला पोचली म्हणून आणखी एक सही. दोन्ही सह्या वेगळ्या. मी ते कागद पाहिलेत, म्हणून छातीठोकपणे सांगतो.

कल्याणजवळच्या मोहन्यातल्या त्या पालिका शाळेत अखेर अखेर बाई एकट्याच उरल्या होत्या. पालिकेच्या तिजोरीत खडखडाट झाला की काटकसरीचं एक परिपत्रक निघायचं आणि शाळेतलं एक माणूस कमी व्हायचं. आधी चित्रकलेचे सर गेले, मग रखवालदार, मग शिपाई. शेवटी दुसऱ्या वर्गाच्या बाईंचं दुसऱ्या शाळेत समायोजन झालं. गेलेल्या प्रत्येकाचं काम बाईंनी उचललं आणि कामाबरोबर त्याचा हुद्दाही. घंटा देताना त्या पदर खोचून शिपाई व्हायच्या. घंटा देऊन झाली की पदर सोडून मुख्याध्यापिका व्हायच्या आणि घंटा दोन मिनिटं उशिरा झाल्याबद्दल शिपायाला मनातल्या मनात समज द्यायच्या. हे आम्ही गमतीने म्हणायचो. एकदा समजेची खरोखरची नोंद दप्तरात सापडली, तेव्हापासून म्हणायचं सोडलं.

मी त्याच शाळेत चौथीपर्यंत शिकलो. वडील चिपळूणकडून येऊन कारखान्यात लागलेले. तेव्हा एका बाकावर चार-चार जण बसायचो आणि पाचव्याला बाईंच्या टेबलाशेजारी जागा मिळायची. पुढे कारखाना बंद पडला. चाळी रिकाम्या झाल्या. कोणी गावी गेलं, कोणी टिटवाळ्याच्या पुढे स्वस्तातली खोली बघितली, आणि ज्यांचं बरं चाललं ते माझ्यासारखे खडकपाड्याला कॉम्प्लेक्समध्ये राहायला आले. आमची पोरं बूट-मोजे घालून पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेत जाऊ लागली आणि इकडे बाईंचा पट उतरत उतरत सतरावर आला.

बाईंची हजेरी हा एक स्वतंत्र प्रकार होता. नुसतं 'हजर' म्हणून भागत नसे. 'हजर, बाई' म्हणायचं आणि शाळेत येताना वाटेत काय पाहिलं ते एका वाक्यात सांगायचं. 'हजर बाई, गेटासमोर सगळे काका उभे आहेत.' 'हजर बाई, आमच्या नळावर भांडण चाललंय.' 'हजर बाई, कुत्रीला चार पिल्लं झाली, एक मेलं.' काही पाहिलं नाही म्हणणाऱ्याला त्या परत फाटकापर्यंत जाऊन बघून यायला लावायच्या. कारखाना बंद होणार हे युनियनच्या पुढाऱ्यांच्या आधी बाईंना कळलं होतं, कारण आठ दिवस ओळीने मुलं सांगत होती की बाबा घरीच आहेत.

परिपत्रकांशी त्यांचा पत्रव्यवहार मोठा प्रेमाचा. वीज वाचवण्यासाठी प्रत्येक वर्गात एकच पंखा चालवावा, असा एकदा आदेश आला. बाईंनी कळवलं, 'शाळेत एकही पंखा चालत नाही. एक चालवण्यासाठी माणूस पाठवावा, म्हणजे आदेशाचे पालन करता येईल.' त्यावर सहकार्याबद्दल आभाराचं पत्र आलं. मग खडू जपून वापरण्याबद्दल परिपत्रक आलं. बाईंनी पाकिटात वर्षभराचे उरलेले खडू घालून पाठवले, हरभऱ्याएवढे. सोबत चिठ्ठी: 'याहून लहान धरता येत नाही. आपण धरून पाहावा.' त्याचं उत्तर आलं नाही. बाईंचं म्हणणं, साहेब अजून धरून बघत असतील.

एके दिवशी मात्र जे परिपत्रक आलं त्याला चिठ्ठीने उत्तर देता येण्यासारखं नव्हतं. वीसच्या आत पट असलेल्या शाळा चालवणं परवडत नाही, सबब त्या जवळच्या शाळेत विलीन करण्यात याव्यात. जवळची शाळा रुळांच्या पलीकडे होती. नकाशावर खरंच जवळ होती. नकाशात गाड्या धावत नाहीत.

आम्ही पेटून उठलो. आम्ही म्हणजे माजी विद्यार्थी. शाळा बचाव कृती समिती स्थापन झाली, तिचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला. टायपिंग येतं म्हणून मला सचिव केलं. अध्यक्ष म्हणून तिथल्याच जुन्या घराण्यातल्या एका गृहस्थांना घेतलं. त्यांच्या वाडवडिलांची भातशेती होती. आता त्या भातशेतीवर चार इमारती आणि एक इंग्रजी शाळा उभी आहे. शाळेचं भाडं अध्यक्षांनाच मिळतं. मराठी शाळा वाचवण्याच्या लढ्याला इतका भक्कम आर्थिक पाया क्वचितच लाभतो.

"बाई, तुमी काय टेन्शन घेव नका," अध्यक्षांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "आमी हाव."

"तुम्ही आहात हे दिसतंय," बाई म्हणाल्या. "तुमचा नातू कितवीत आहे?"

"तिसरीत. पन तो तिकरं हाय ना, इंग्लिश मीडियमला."

"बरं," म्हणून बाईंनी आमच्याकडे नजर फिरवली. समितीत अकरा सदस्य होते आणि अकरांचीही मुलं 'तिकरं' होती. माझी मुलगीही तिसरीतच. बाईंनी आम्हाला चहा दिला आणि कप प्रत्येकाने आपापला विसळायचा असं सांगितलं, कारण विसळणाऱ्या बाईंचं पद पालिकेने गोठवलं होतं.

पालिकेच्या मुख्यालयावर मोर्चा न्यायचं ठरलं. अध्यक्षांनी फ्लेक्स छापून आणला. त्यावर अध्यक्ष कमरेपर्यंत, आणि त्यांच्या कोपराखाली शाळा. बाईंनी मोर्च्याला यायचं कबूल केलं, पण एका अटीवर. खोटी घोषणा द्यायची नाही.

मी घोषणांची यादी टाइप करून नेली होती. पहिलीच होती, 'रक्त सांडू, पण शाळा वाचवू.'

"रक्त कुणाचं?" बाईंनी विचारलं.

"तसं नसतं बाई. घोषणा असते ती."

"मला माहितेय. पण कुणी अंगठ्याला टाचणी टोचायला तरी तयार आहे का? नसेल तर खोड."

अशा एकेक करून सगळ्या घोषणा खोडल्या गेल्या. 'प्राण गेला तरी बेहत्तर' गेली, 'ही जनता माफ करणार नाही' गेली. 'दर वेळी करते,' बाई म्हणाल्या. शेवटी उरली ती त्यांनी स्वतः दिलेली घोषणा: 'आम्ही रोज शाळेत येतो, शाळा चालू ठेवा.' ती फक्त सतरा मुलांनाच देता येत होती. आम्ही मोठी माणसं मुख्यालयापर्यंत तोंड मिटून चाललो. बंदोबस्ताच्या हवालदाराने मला विचारलं, मूकमोर्चा आहे का.

मुख्यालयाच्या दाराशी बाईंनी हजेरी घेतली. आधी मुलांची, मग समितीची. अध्यक्ष वीस मिनिटं उशिरा आले, कारण त्यांना वाटेत दुसऱ्या एका मोर्च्याचा नारळ फोडायचा होता. बाईंनी त्यांना रांगेबाहेर, पायरीच्या टोकाशी उभं केलं. पुढच्या निवडणुकीत तिकीट मागणारा तो माणूस मुकाट्याने उभा राहिला. त्यांचे कार्यकर्ते फोटो काढायला धावले तर त्यांनी हाताने नको नको केलं. मला त्यांचं त्या दिवशी फार कौतुक वाटलं.

मोर्च्याने काही झालं नाही, म्हणून साखळी उपोषण. शाळेच्या फाटकाशी मांडव घातला. रोज तिघांनी बसायचं, दहा ते पाच. साडेनऊला घरून पोहे खाऊन यायचं, पाचला लिंबूपाणी. बाईंनी दुसऱ्या दिवशी खिडकीतून विचारलं, "जेवणाची सुट्टी नाही एवढाच फरक ना रे? नाहीतर दहा ते पाच तर मीही बसते. त्याला नोकरी म्हणतात."

खरी अडचण दुपारी एकला यायची. बचत गटाच्या मावशी मुलांची खिचडी घेऊन मांडवासमोरून जायच्या. मुगाची, वरून ओलं खोबरं. उपोषणाचं सावट मुलांच्या जेवणावर पडू द्यायचं नाही असा बाईंचा हुकूम असल्याने मुलं व्हरांड्यात आमच्यासमोरच पंगत करून जेवायची. तिसऱ्या दिवशी आमच्या खजिनदारांनी ताट पुढे केलं. बाईंनी वाढलं आणि नोंदवहीत लिहिलं, 'उपोषणकर्ते एक, अतिरिक्त.' साखळी तिथेच तुटली. पेपरात मात्र 'प्रशासनाच्या आश्वासनानंतर उपोषण मागे' असं आलं. ती बातमी मीच टाइप केली होती.

मग पटपडताळणीचं पत्र आलं. शनिवारी सकाळी पालिकेचे साहेब शाळेत येऊन मुलं मोजणार. वीस भरली तर शाळा राहणार, नाही तर पुढच्या महिन्यात दाराला कुलूप. आता सगळं त्या एका आकड्यावर आलं होतं आणि आपल्याकडे तीन मुलं कमी होती.

आमच्या कॉम्प्लेक्सच्या क्लबहाउसमध्ये तातडीची बैठक झाली. तोडगा कोणी काढला ते आता कोणीच कबूल करत नाही, म्हणून सांगतो, मी काढला. इंग्रजी शाळेला शनिवारी सुट्टी असते, पालिका शाळा शनिवारी सकाळची भरते. आपलीच मुलं नेऊन बसवायची. तीन हवी होती, खबरदारी म्हणून सहा ठरवली: अध्यक्षांचा नातू, खजिनदारांची जुळी, माझी मुलगी आणि आणखी दोघं. कल्याणच्या दुकानातून पालिका शाळेचे गणवेश आणले. 'हजर, बाई' एवढं म्हणायला शिकवलं. बाईंना कळवायचं नाही असं एकमताने ठरलं. समितीच्या इतिहासातला तो एकमेव एकमताचा ठराव.

शनिवारी मी मुलीला गाडीत कपडे बदलायला लावले आणि वर्गात सोडून आलो. आम्ही पालक व्हरांड्यातल्या खिडकीशी उभे. बाई फळ्यावर सुविचार लिहून वळल्या आणि तेवीस मुलं बघून क्षणभर थांबल्या. सहा गणवेश कडक होते, घड्या न मोडलेले. बाईंनी खिडकीकडे पाहिलंही नाही. हजेरीपट उघडला आणि सतरा नावं घेतली. एकाने सांगितलं, बाई, टाकीवर माणूस चढलाय. एकीने सांगितलं, बाई, बाहेर खूप गाड्या लागल्यात. सतरा संपली, पट मिटला.

साहेब मागे खुर्चीवर बसून पेनाने मोजत होते. थकलेला, बरा माणूस वाटला. "तेवीस," ते म्हणाले. "छान झालं बाई. उगाच घोळ होता. करा सही."

"सतरा," बाई म्हणाल्या.

"अहो, मी मोजली ना."

"डोकी तेवीस आहेत साहेब. पट सतरा आहे. बाकीचे पाहुणे आलेत."

मग त्यांनी पाहुण्यांची विचारपूस केली, घरी आलेल्यांची करतात तशी. जुळ्यांपैकी एकाने उभं राहून 'येस मिस' म्हटलं आणि मुलं खो खो हसली. माझ्या मुलीला बाईंनी विचारलं, "येताना काय पाहिलंस गं?"

"काही नाही दिसलं," ती म्हणाली. "पप्पांनी काचा वर केलेल्या. मी ड्रेस चेंज करत होते ना."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. व्हरांड्यात आम्ही सगळे पायांकडे बघू लागलो. चार वर्षं मी त्याच वर्गात तशीच हजेरी दिली होती आणि मुलीला शिकवताना ती मला आठवली नाही, हे मला अजून समजत नाही.

बाई बाहेर आल्या. रागावतील म्हणून आम्ही तयारीत होतो. त्यांच्या हातात प्रवेशाचे अर्ज होते, कोरे.

"साहेब म्हणतायत, आजच्या तारखेला खरी नावं पडली तर ते वीस लिहितील," त्या म्हणाल्या. "साडेअकराला शाळा सुटते, तोपर्यंत थांबतील. तीनच हवेत. जुन्या शाळेचा दाखला मागाहून आणा. मुलं तर आलेलीच आहेत, गणवेशसुद्धा आहेत."

अध्यक्षांनी घाम पुसला. "बाई, कायपन सांगा, मोर्चा काढतो. पन त्याची मम्मी मना घरात घेनार नाय." खजिनदार म्हणाले, जुळ्यांची वर्षाची फी भरलीये, दोघांची. आणखी एकांना अचानक आठवलं की आपण पुढच्या वर्षी पुण्याला शिफ्ट होणार आहोत.

बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. अर्ज आणि पेन पुढे केलं. "तू माझ्याकडे शिकलायस. तू भरलास तर यांच्यातले दोघं तरी भरतील. मला यांची माहिती आहे." आवाज हळू होता. माझ्या जन्मात बाईंनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. त्यांची निवृत्ती एका वर्षावर आली होती. शाळा गेली असती तरी त्यांच्या पेन्शनीला काही धक्का नव्हता. मागत होत्या त्या सतरा जणांसाठी, रूळ ओलांडायला लागू नयेत म्हणून.

"मिसेसला विचारतो, बाई," मी म्हणालो.

"विचार. आईला विचारायलाच हवं."

मी फोन कानाला लावून पाण्याच्या टाकीमागे गेलो. तीन-चार मिनिटं तिथे होतो. परत आलो आणि म्हणालो, "ती नाही म्हणतेय. मी खूप समजावलं."

बाईंनी अर्ज परत घेतला. "बरं. आईचं मन नसताना नाव घालू नये," म्हणाल्या. माझं झाल्यावर बाकीच्यांचा जीव भांड्यात पडला. कोणी मला दोष दिला नाही, उलट खजिनदारांनी पाठीवर हात ठेवला. साडेअकराला बाईंनी पदर खोचून घंटा दिली, पदर सोडला आणि सतराच्या आकड्याखाली सही केली.

"तुम्ही गप्प राहिला असता तरी चाललं असतं," साहेब निघताना म्हणाले.

"मग सोमवारी सहा गैरहजर मांडले असते. मंगळवारी सहा. किती दिवस मांडायचे?"

शाळा पुढच्या महिन्यात बंद झाली. सतरांपैकी पलीकडच्या शाळेत किती टिकले ते मी विचारलं नाही. सुरुवातीला बाईच त्यांना रांगेने पुलावरून नेत असत, असं ऐकलं. समितीने बाईंचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, आणि भाषणात अध्यक्ष म्हणाले की लढा हरलो तरी आपण एकजूट दाखवून दिली. ग्रुप अजून चालू आहे. पालिकेने काटकसरीपोटी प्रसूतिगृहाच्या खाटा कमी केल्यावर आम्ही ग्रुपचं नाव बदलून प्रसूतिगृह बचाव केलं. सचिव मीच आहे.

नंतर एका रविवारी बायको मुलीला घेऊन भाजीला गेली होती. परत आली ती पिशवी ओट्यावर ठेवून तशीच उभी राहिली. आमच्या घरातले सगळे नकार मी तिच्या नावावर खपवत आलोय, लग्नाच्या वऱ्हाडापासून सोसायटीच्या पिकनिकपर्यंत. तिला त्याची सवय होती. पण त्या दिवशी चेहरा वेगळा होता.

"मोहन्याच्या बाई भेटल्या," ती म्हणाली. "हिने ओळखलं त्यांना. माझे हात धरले त्यांनी. म्हणाल्या, फोनवर विचारायला लावलं ते चुकलं माझं. मी स्वतः तुमच्या घरी यायला हवं होतं, म्हणजे तुमचं मन वळवता आलं असतं. माफ करा."

मी टीव्हीचा आवाज कमी केला.

"तू कधी फोन केलेलास मला?"

टाकीमागे मी फोन कानाला लावला होता, नंबर लावला नव्हता. चार मिनिटं मी टाकीच्या भिंतीला समजावत होतो. 'मला विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं,' असं ती म्हणाली असती तर निदान भांडता आलं असतं. तसं ती म्हणाली नाही. पिशवीतली भाजी एकेक करून बाहेर काढू लागली.

"तू काय सांगितलंस त्यांना?" मी विचारलं.

"काय सांगणार? रडायला आलेलं त्यांना. म्हटलं, हो बाई, मीच नको म्हटलेलं."